फाटक वाजलं की बसायचं

लातूरला आमचं बिऱ्हाड लागलं तेव्हा जिल्हा नवा होता आणि पाणी संपत आलं होतं. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकमधून यायचे आणि भाड्याच्या इमारतीत, जागा मिळेल तिथं रचले जायचे. त्या कचेरीत मी लिपिक म्हणून लागले होते. नवरा निलंग्याच्या पुढं एका खेड्यात मास्तर. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा, सोमवारी पहाटे परत. मधले दिवस मी आणि माझी चार वर्षांची मुलगी, दोघीच.

खोली शोधताना एक प्रश्न ठरलेला असायचा. तो विचारून झाला, मी उत्तर दिलं, की ती खोली बहुतेक वेळा 'कालच दिली' निघायची. शहराच्या कडेला, नव्या प्लॉटिंगमध्ये, एका विधवा म्हातारीचं घर होतं. ती मूळची सीमेकडची, घरात कानडी बोलणारी. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला ती बिदरला लेकीकडं निघाली होती. तिनंही विचारलं, "कोन लोकं तुमी?"

"बौद्ध," मी म्हटलं.

तिनं पदराच्या गाठीतली किल्ली चाचपली. मग म्हणाली, "कुत्रं संभाळता का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिची आणखी एक अट होती. अंगणात बोअरवर हापसा बसवलेला होता, त्याचं पाणी गल्लीला बंद करायचं नाही. तेही मी कबूल केलं. कुत्र्याकडं मात्र मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. पाहिलं असतं तर कदाचित परत फिरले असते.

मला कुत्र्याची भीती वाटते असं म्हणणं कमी पडतं. माहेरी, लोह्याला, शाळेतून येताना एका कुत्र्यानं माझी पोटरी धरली होती. आई मला रोज एसटीनं नांदेडला न्यायची, पोटात सुई टोचून घ्यायला. त्याच कुत्र्यानं आमच्या गल्लीतल्या एका माणसालाही चावलं होतं. तो गेला नाही सुया घ्यायला. काही दिवसांनी भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायला लागला. पाण्याचा पेला पुढं केला की तो कसा करायचा, ते बायका आईला दारात उभ्या राहून सांगायच्या आणि मी आतून ऐकायची. मग एक दिवस आवाज थांबला. तेव्हापासून रस्त्यात कुत्रं दिसलं की माझी पोटरी आपोआप आखडते. अजूनही.

आणि हे कुत्रं काही लहान नव्हतं. तांबूस, उंच, कारवानी शिकारी जातीच्या वळणाचं, पोट पाठीला लागलेलं. मागच्या पायांवर उभं राहिलं की पुढचे पाय माझ्या खांद्यावर आले असते. कडुनिंबाला साखळीनं बांधलेलं असायचं. मी भाकरीची थाळी लांब ठेवायची आणि झाडूच्या दांड्यानं त्याच्यापुढं सरकवायची. फाटकाची कडी वाजली की ते वेडं व्हायचं. साखळी ताणून उभं राहायचं, भुंकायचं, घशातून चमत्कारिक आवाज काढायचं. माझी मुलगी निवांत त्याच्याजवळ जाऊन बसायला बघायची, आणि मी तिला दंडाला धरून इतक्या जोरात मागं ओढायची की ती रडायची.

उन्हाळा लागला तसे आसपासचे आड आटले. नळ कधी यायचा, कधी नाही. टँकर आला की गल्लीच्या तोंडाशी भांडणं. आमच्या अंगणातल्या हापश्याला मात्र, जोर लावून बराच वेळ हापसलं, की पाणी यायचं. बायका सकाळ-संध्याकाळ घागरी घेऊन यायच्या. मला मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. माझ्या आईला लहानपणी गावच्या आडावर लांब उभं राहून कुणीतरी वरून ओतेल याची वाट बघावी लागत होती. आता माझ्या अंगणात सगळी गल्ली येत होती. पण प्रत्येक वेळी कडी वाजली की ते कुत्रं उसळायचं, आणि मला वाटायचं, आज साखळी तुटणार. आज कुणाला तरी चावणार.

साखळी तुटली नाही. त्याच्या गळ्यातला पट्टाच सुटला.

समोरच्या घरातली सून, सात-आठ महिन्यांची पोटुशी, फाटकातून आत येत होती. ते सरळ तिच्या अंगावर गेलं. दोन्ही पाय तिच्या छातीवर. ती पाठीवर पडली, घागर लांब उडाली. मी ओट्यावर उभी होते, आणि माझा पाय उचलला नाही. ते तिचं तोंड चाटत होतं. मला ते दिसत होतं, चाटतंय, चावत नाही, तरी मी हलू शकले नाही. शेवटी तिची सासू घागर घेऊन धावली तेव्हा ते बाजूला झालं. सुनेच्या दंडावर नखाचा लांब ओरखडा होता. ती पोट धरून बसली होती आणि म्हणत होती, "हालंना झालंय, आत्याबाई, हालंना झालंय."

तेवढा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. मग बाळ हललं. ती रडायला लागली.

संध्याकाळी तिचा नवरा काठी घेऊन फाटकापाशी आला. "पुन्ना सुटलेलं दिसलं तर ठिवणार न्हाई," एवढंच म्हणाला आणि गेला. पण त्याच्यापेक्षा सासूचं बोलणं मला जास्त लागलं. ती गल्लीत चारचौघींत म्हणाली, "पानी भरू देयाचं न्हाई म्हणून सोडलंय तिनं. आता तिच्या हातात आलंय ना."

मी भीतीनं गार पडले. कुत्र्याची भीती मला माहीत होती. ही दुसरी होती. नव्या गावात, नवऱ्याशिवाय, एवढीशी पोर घेऊन, गल्ली आपल्यावर उलटली तर काय करायचं? नवरा शनिवारी आला. म्हणाला, "दूर कुठंतरी सोडून येऊ त्याला." पण म्हातारीला शब्द दिला होता, आणि तो मोडला तर खोलीही गेली. मग मी निरोप पाठवून वडिलांना बोलावून घेतलं.

माझे वडील लष्करात होते, तेही कुत्र्यांच्या तुकडीत. मला कुत्रं चावलं तेव्हा ते लांब सरहद्दीवर कुठंतरी होते. घरी येऊन त्यांनी त्या नोकरीबद्दल माझ्यासमोर कधी अवाक्षर काढलं नाही. बहुधा माझ्यामुळंच.

बुधवारी सकाळी ते लोह्याहून आले; मी त्या दिवशी रजा टाकली होती. कडी वाजली, कुत्रं साखळी ओढून उभं राहिलं. बाबा सरळ त्याच्या टप्प्यात गेले. मी ओरडले. त्यानं त्यांच्या अंगावर पाय टाकले तसे बाबा पाठ करून उभे राहिले, हात छातीशी बांधून, जणू एसटीची वाट बघत आहेत. ते पुन्हा उडी मारायचं, बाबा पुन्हा पाठ करायचे. असं बरंच चाललं. शेवटी ते दमलं आणि चारी पाय जमिनीवर टेकून उभं राहिलं. त्याच क्षणी बाबा वळले, "शाबास," म्हणाले, आणि खिशातून भाकरीचा तुकडा दिला.

"चावरं हाय का?" मी ओट्यावरूनच विचारलं.

"न्हाई. ह्याला माणसं आवडतेत. लई आवडतेत, त्योच तर वांधा हाय. फाटक वाजलं की याला वाटतंय मालकीण आली."

मी कधी तसा विचारच केला नव्हता.

बाबांनी मला जवळ बसवलं. म्हणजे ओट्यावर, कुत्र्यापासून लांब. "ऐक. उडी मारली की तू वराडतीस, ढकलतीस. त्याला वाटतंय, चला, माझ्याकडं बघितलं तरी. उडी मारली की काहीच भेटू देयाचं न्हाई. नजर बी न्हाई. खाली राहिलं, की लगेच देयाचं. लगेच म्हंजे लगेच. उशीर केला की कशाचं बक्षीस हाय ते त्याला कळत न्हाई."

"आणि मारलं तर? गल्लीतले म्हणतात दोन दणके घाला."

"मारलं तर येणाऱ्या माणसासंगं मार येतो, एवढंच शिकंल त्ये. मग खरंच चावंल."

ते त्याला "बस, बस" म्हणत राहिले, पण कुत्रं नुसतं तोंडाकडं बघत होतं. माझी मुलगी दारातून म्हणाली, "तसं नाही आजोबा. आजी 'कुंद्रू' म्हणायच्या." म्हातारी घर दाखवायला दोन दिवस आमच्याबरोबर होती, तेवढ्यात पोरीनं ते उचललं होतं. बाबा म्हणाले, "कुंद्रू." ते बसलं. बाबा हसले, सुकटीचा एक वास मारणारा तुकडा त्याच्या तोंडात टाकला आणि म्हणाले, "याला कानडी येतंय, आन् आपण मराठीत भांडून राहिलो."

मग खरं काम निघालं. फाटकाची कडी वाजली की बसायचं, हे त्याला शिकवायचं होतं. त्यासाठी कुणीतरी बाहेरून यायला हवं होतं, आणि गल्लीतलं कुणी येणार नव्हतं.

"तू ये," बाबा म्हणाले.

मी नाही म्हटलं. ते थांबले. आग्रह केला नाही. थोड्या वेळानं मीच चपला घातल्या आणि बाहेर गेले.

बाहेरून फाटक वेगळं दिसतं. कडीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. आतून बाबांचा आवाज आला, "घाई न्हाई." मी कडी वाजवली. आत साखळी खळखळली आणि मी मागं वळून चार घरं पळाले. खरंच पळाले, मोठी बाई, साडी सावरत. समोरच्या ओट्यावर सासू डाळ निवडत बसली होती. तिनं पाहिलं.

परत आले. बाबांनी सांगितलं, आत यायचंच नाही, नुसती कडी वाजवायची. मी वाजवायची, ते उसळायचं, बाबा गप्प. मी वाजवायची, ते उसळायचं. मग एकदा साखळी खळखळली नाही. "शाबास!" आतून ऐकू आलं. कितीतरी वेळानं मी फाटक उघडून आत आले. कुत्रं बसलं होतं. बसलं होतं म्हणजे बुड टेकलं होतं एवढंच. सगळं अंग थरथरत होतं, शेपटी माती झाडत होती. बाबांनी सांगितल्याप्रमाणं मी त्याच्याकडं न बघता, तिरकी, जशी भिंतीकडं निघालेय तशी चालत गेले. माझी पोटरी इतकी आखडली होती की नंतर दोन दिवस दुखत होती.

बाबांना परतायचं होतं, घरी म्हशीचा चारा-पाणी बघणारं दुसरं कुणी नव्हतं. जाताना सुकटीची पुडी माझ्या हातात दिली. "आता देणारी तू."

"माझ्याच्यानं होणार नाही."

"तळहात पसरून दे. बोटं धरून देऊ नको. आन् भ्यायली तरी चालंल. भ्यायलेल्या माणसानं दिलेलं बी त्ये खातंय."

पहिल्यांदा दिलं तेव्हा मी डोळे मिटले होते. तळहातावर काहीतरी ओलं, गरम, खरखरीत फिरलं आणि गेलं. डोळे उघडले तर हात शाबूत होता. हात धुवायला मी आत धावले, आणि पाणी जपून वापरायचं असतं हेही विसरले.

रोज कचेरीतून येताना मी स्वतःच्याच घरी पाहुणी होऊन यायची. कडी वाजवायची, थांबायची, ते बसलं की आत. आत आले की तुकडा. हळूहळू ते कडी वाजताच बसायला लागलं. पण माझ्यासाठी बसणं वेगळं आणि गल्लीसाठी वेगळं. बायका आता हापश्यावर यायचं टाळत होत्या. टँकरला तासन्‌तास उभ्या राहायच्या. आमचा हापसा तसाच उभा. ते बघून मला आणखी भीती वाटायची.

एके दिवशी टँकर आलाच नाही. संध्याकाळी सासू घागर घेऊन फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. हाक मारली नाही, आत आली नाही. नुसती उभी.

मी ओट्यावरून म्हटलं, "मावशी, या आत. कडी वाजवा आणि त्याच्याकडं बघू नका."

"चावंल."

"मला पण तेच वाटतं," मी म्हटलं. "मी साखळी धरून बसते."

साखळी धरली, हातावर तिचा वेढा घेतला. सासूनं कडी वाजवली. कुत्र्याचे कान उभे राहिले, पुढचे पाय उचलले गेले. "कुंद्रू," मी म्हटलं. ते थोडं पुढं गेलं, साखळी माझ्या मनगटाला काचली. मग माझ्याकडं वळून पाहिलं आणि बसलं. मी पटकन तुकडा दिला. सासू भिंतीला अंग घासत हापश्याकडं गेली. हापसताना एकसारखी मागं बघत होती. घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि जाता जाता थांबली.

"काय देतीस त्याला?"

"सुकट."

"मी बी देऊ का?"

मी तिला तळहात पसरायला सांगितलं. तिनं एका हातानं घागर धरली, दुसऱ्या हाताचा तळवा लांब केला, तोंड दुसरीकडं फिरवलं. ते तुकडा घेऊन गेलं तशी ती "अगं बाई!" म्हणून हसली. पाणी तिच्या खांद्यावर सांडलं.

त्यानंतर बायका यायला लागल्या. कुणीकुणी पदरात भाकरीचा कुटका बांधून आणायच्या. कडी वाजली की ते बसायचं आणि वाट बघायचं. मी साखळी सोडून ठेवायला लागले. सून मात्र आली नाही, आणि तिचा नवरा रस्त्यात दिसला की मी मान खाली घालायची.

त्या उन्हाळ्यात गावात मोकाट कुत्री फार झाली होती. पाणी नाही, खायला नाही. ती टोळीनं फिरायची, लेकरांच्या मागं लागायची. मग कुत्री मारणारी माणसं फिरायला लागली. कुणी पाठवली कुणास ठाऊक. सायकलला पोतं, हातात विष घातलेल्या गोळ्यांची पिशवी. सकाळी नाल्याच्या कडेला कुत्री ताठ होऊन पडलेली दिसायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं.

एका सुटीच्या दिवशी मी मुलीला घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत दळण टाकायला गेले होते. परत येताना लांबून पाहिलं, आमच्या फाटकाशी सायकल उभी होती, तिला पोतं. एक माणूस कडी उघडून आत वाकला होता आणि त्याच्या हातात काहीतरी होतं.

मला एकदम कळलं की कुत्रं आत बसलेलं असणार. भुंकणार नाही, अंगावर जाणार नाही. चारी पाय टेकून, शेपटी हलवत, त्या हाताची वाट बघत बसलेलं असणार. कारण मीच ते शिकवलं होतं.

मी पळाले. पिठाचा डबा कुठं टाकला आठवत नाही. मुलगी मागं रडत होती. फाटकाजवळ पोचले तेव्हा ते खरंच बसलेलं होतं, नाक पुढं करून. "बा!" मी ओरडले. म्हातारीचाच शब्द, बोलवायचा. त्यानं मान वळवली. हाताकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

हापश्यावर सासू होती. ती घागर तशीच सोडून आली आणि कुत्रं आणि तो माणूस यांच्या मधे उभी राहिली. "घरातलं हाय हे. गळ्यात पट्टा दिसंना का तुला? हो भाईर."

"तक्रार आली होती बाई, अंगावर जातंय म्हणून."

"कवा जात होतं. आता जात न्हाई. माझ्या सुनेला पाडलं होतं, मी सांगतीय ना. हो भाईर."

तो हातातला गोळा पिशवीत टाकून गेला. कुत्रं माझ्याकडं आलं आणि समोर बसलं, तुकड्यासाठी. माझ्याजवळ काही नव्हतं. मी मातीत बसले आणि त्याच्या गळ्याभोवती हात टाकले. त्याच्या मानेच्या केसांना उन्हाचा आणि धुळीचा वास होता. मी सोडलं नाही, आणि ते गप बसून राहिलं. आजवर मी त्याच्या तोंडाला भ्यायले होते. त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी भ्यायला लागले, आणि ही भीती पहिलीपेक्षा हलकी नव्हती.

मी लगेच बाबांना निरोप धाडला. उलट निरोप आला: आता परक्याच्या हातून खायचं नाही, हे शिकव. मग सगळं नव्यानं सुरू झालं. मी बायकांना सांगितलं, कुणी काही देऊ नका. कुत्र्यानं समोर धरलेला हात सोडून माझ्याकडं पाहिलं की तुकडा माझ्याकडून मिळणार. हे त्याला जड गेलं, आणि सासूला त्याहून जड गेलं. "मी काय इख घालनार हाय का त्याला?" ती म्हणाली आणि काही दिवस अबोला धरला. मी समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. शेवटी तिलाच मी रोज परकी व्हायला लावलं. ती भाकरी पुढं धरायची, ते तोंड फिरवायचं, मी सुकट द्यायची. त्यानं पहिल्यांदा तिची भाकरी नाकारली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

सुनेला मुलगी झाली, चांगली धष्टपुष्ट. ती माहेराहून परतली तेव्हा मी कुत्र्याला साखळीला बांधून ठेवलं. ती अंगणात कधीच आली नाही. तिचा नवरा माझ्याशी पुढं कधी बोलला नाही. ते तसंच राहिलं.

हापश्याचं पाणीही आटलं, पाऊस यायच्या आधीच. दांडा खालीवर केला की नुसता फुसफुस आवाज यायचा. म्हातारी अजून बिदरहून आली नव्हती, आणि बायकाही यायच्या बंद झाल्या. कडी वाजेना झाली. कुत्रं फाटकाकडं तोंड करून पडून राहायचं, आणि मला ते बघवायचं नाही.

पण सासू यायची. रिकाम्या हातानं. उन्हं उतरली की कडी वाजायची, ते बसायचं, ती आत यायची आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर टेकायची. सुनेच्या तक्रारी, टँकरवरची भांडणं, नातीचं दूध, असं काहीबाही बोलायची. बोलताना तिचा हात त्याच्या पाठीवर फिरत असायचा. मी चहा टाकू का विचारायची, ती "न्हाई, आत्ताच घिऊन आले" म्हणायची. रोज तेच. काही दिवसांनी मी विचारायचं सोडून दिलं. ती यायची मात्र थांबली नाही.